बिनशिवणीचं कापड

कामशेतच्या बाजारात मी नाना तऱ्हेची माणसं पाहिली, पण स्वतःच्याच कातडीपासून तोंड लपवत फिरणारा माणूस एकच पाहिला, तो म्हणजे आमचे तांदूळवाले चाचा. आठ वर्षांपूर्वी लपायची सोयच नव्हती. तेव्हा चाचा एकशे बेचाळीस किलोंचे होते आणि गाडीतून उतरणाऱ्याला आधी चाचा दिसत, मग बाजार. कुणी नवा वजनकाटा आणला की तो खरा की खोटा हे चाचांना त्यावर चढवून ठरवलं जायचं. चाचा ऐटीत उभे राहायचे, आकडा बघायचे आणि "पाव किलो कमी दावतोय, परत द्या," असा निकाल देऊन उतरायचे. बिचारा काटा परत जायचा. तांदळाचा दाणा दाताखाली धरून तो टाकव्याचा की पवनेकडचा हेही ते सांगत, आणि समोरच्याने तोंड वाकडं केलं तर शेतमालकाचं नाव सांगत. मी तेव्हा शाळेत मास्तर होतो; शाळा सुटली की त्यांच्या दुकानातल्या पोत्यावर जाऊन बसायचो. निवृत्त झाल्यावर तर सकाळपासूनच बसू लागलो.

चाचींनी लग्नापासून नवऱ्याकडे एकच गोष्ट मागितली होती: जोडीनं उमऱ्याला जायचं, मक्केला. मुलं मार्गी लागली तेव्हा चाचा डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, एवढं वजन घेऊन हे गुडघे तिथं चालणार नाहीत. झालं. तांदळाच्या व्यापाऱ्याने भात सोडला. तीन वर्षं हा माणूस नाचणीची भाकरी आणि पालेभाजी खात होता आणि रोज पहाटे टाकव्याच्या रस्त्याला चालत होता. घरात भात शिजला की पातेल्यावरचं झाकण काढून डोळे मिटून वास घ्यायचे आणि म्हणायचे, "झालं आमचं जेवण." वजन उतरत उतरत चौऱ्याहत्तरवर आलं. बाजारात कुणी कौतुक केलं म्हणता? छे! चाचांना मोठा आजार झालाय अशी बातमी पसरली. एक म्हातारी तर दुकानात येऊन त्यांच्यासमोरच चाचींच्या गळ्यात पडून रडली.

वजन गेलं, पण कातडी जागच्या जागी राहिली. पोटाची, दंडांची, मांड्यांची. भरलेलं पोतं रिकामं झाल्यावर जसं घड्या घालून बसतं तशी. "मी थांबलो ना मास्तर, तरी पोट थांबत न्हाई," ते मला म्हणाले, "ते दोन पावलं फुडं जाऊन मंग माघारी येतं." मी हसलो, तेही हसले. मग त्यांनी शिंप्याकडून जाड कापडाची, बाजूला हुकांची एक बंडी शिवून घेतली. रोज सकाळी चाचा भिंतीला हात टेकून उभे राहत आणि चाची पाठीत गुडघा रोवून ती आवळत. तिच्यावर शर्ट, शर्टावर बारा महिने स्वेटर. पावसाळ्यात घड्यांमधली कातडी सोलवटून निघायची, म्हणून डबेच्या डबे पावडर लागायची. एकदा एका गिऱ्हाइकाने इंद्रायणी परत आणला, म्हणे भाताला पावडरचा वास येतो. चाचांनी मुकाट्याने दुसरा तांदूळ मोजून दिला. पूर्वीचे चाचा असते तर त्याला बाजारभर फिरवून आणला असता. घरची सगळी मलाही घेऊन भुशीच्या धरणावर भिजायला गेली तेव्हा तर मला रडूच यायचं बाकी होतं. ज्यांच्या पाठीवर नातवंडं घसरगुंडी करायची, ते चाचा स्वेटर घालून, छत्री धरून सगळ्यांच्या चपला राखत बसले होते.

पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, ही कातडी कापल्याशिवाय जायची नाही आणि तुमच्या हृदयाला एवढ्या वेळाची भूल झेपायची नाही.

उमऱ्याची तयारी झाली तेव्हा चाचींनी त्यांच्यासाठी एहराम आणला. पुरुषांनी तिथं शिवलेलं काही घालायचं नसतं. दोन पांढरी कापडं, एक कमरेला, एक अंगावर, आणि काब्याला फेऱ्या घालताना उजवा खांदा उघडा. चाचांनी मला गोदामात नेलं, दार लावलं, बंडी काढली आणि ती कापडं गुंडाळून माझ्यासमोर उभे राहिले. हात वर केला की दंडाची कातडी खाली लोंबायची. कमरेचं कापड पोटाच्या घडीखाली दिसेनासं झालं. "सांगा मास्तर, हे घिऊन जाऊ तितं? अल्लाच्या दारात बी लोक माजंच बघत बसतील." मी फक्त त्यांचा स्वेटर पुढे केला. त्याची लाज मला आजही वाटते.

चाचांनी ऐन वेळी गुडघ्याचं सोंग केलं. चाची थोरल्या मुलाबरोबर गेल्या. त्या गेल्यावर चाचांनी मशिदीतल्या मौलानांना विचारलं, अर्थात 'एका ओळखीच्या माणसासाठी'. मौलाना म्हणाले, "आजारासाठी पोटाला पट्टा बांधला तर चालतं की. खांदाही तेवढ्या फेऱ्यांपुरताच उघडा. त्यांनी आधी का नाही विचारलं?" बाजारभर काट्यांचा न्याय करणाऱ्या माणसाला हा एक प्रश्न विचारायचं धाडस झालं नव्हतं, कारण विचारायचं म्हणजे आधी सांगावं लागणार होतं.

चाची परत आल्या त्या स्वतःचे गुडघे घालवूनच. आता त्यांना परसातही काठी लागते. त्यांनी चाचांची ती दोन कापडं सोबत नेली होती. तिथल्या जमजम विहिरीच्या पवित्र पाण्यात भिजवून, वाळवून परत आणली. "तितं कुणी कुणाकडं बघत न्हाई वो," एवढंच त्या म्हणाल्या, "मी मातर समदीकडं तुमालाच बघत व्हते." चाचांनी कापडाची घडी घेतली आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवली. पुन्हा जायचं का, हा विषय दोघांपैकी कुणीच काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मी पोत्यावर बसलो होतो. गिऱ्हाईक नव्हतं. चाचा दाणे निवडत म्हणाले, "मास्तर, त्या कापडाचं आता कफनच व्हणार. त्या दिवशी मला आंगूळ घालतील, तवा बंडी बी काढतील. तुमी दारात उभं ऱ्हावा. दोघातिघांवर मानूस आत सोडू नका."

मी म्हणालो, "चाचा, मी तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे."

ते हसले. हसताना स्वेटराच्या आत सगळं हललं आणि सवयीने त्यांनी पोटावर हात दाबून धरला. मग मान खाली घालून पुन्हा दाणे निवडू लागले. "तरी पण," ते म्हणाले, "व्हय म्हणा." मी हो म्हणालो.