गोठ्यामागची दोरी

शेणवे गावातल्या माझ्या सासरी सगळ्यांचे कपडे अंगणात वाळायचे, माझे मात्र गोठ्यामागे. सासूने तिथे वेगळी दोरी बांधून दिली होती. मला अंगावरून पिवळट पाणी जायचं, वास यायचा, खाजेने जीव नकोसा व्हायचा. शहापूरच्या डॉक्टरणीच्या गोळ्यांनी एकदा बरं वाटलं आणि महिन्याभरात सगळं परत सुरू झालं. सासू म्हणाली, "आता बरी नाय झालीस तर जा मुरबाडला, आईबापाकडं. ही घान माज्या घरात नको."

मी पुन्हा डॉक्टरणीकडे गेले. तिने पाणी तपासलं आणि विचारलं, "मागच्या वेळी नवऱ्याने गोळ्या घेतल्या का?"

कशाच्या घेतोय! "मला काय झालंय?" म्हणून त्याने त्याच्या गोळ्यांची पुडी माळ्यावर भिरकावली होती.

"हा परजीवी जंतू आहे," ती म्हणाली. "संबंधातून लागतो, कपड्यांतून नाही. पुरुषाला बहुतेक वेळा काही जाणवत नाही, पण तो परत तुम्हाला देतो. दोघांनी एकदमच गोळ्या घ्या. दारू बंद. आणि गोळ्या संपल्यावर आठवडाभर जवळ यायचं नाही."

घरी येऊन मी हे सगळं सांगितलं. नवरा हसला. "बायकांचं दुखनं, मी कशाला गोळ्या खाऊ?" सासूने माझी पिशवी खुंटीवरून काढून दारात ठेवली. त्या दोघांचा मला इतका राग आला की रडूसुद्धा आलं नाही.

पहाटे उठून मी त्याचे होते नव्हते तेवढे कपडे धुतले. कामावर जायला आटगावला लोकल गाठायची त्याची वेळ झाली तेव्हा हा टॉवेलवर अंगणात.

"माजी पँट कुठं हाय गो?"

"गोठ्यामागं, माज्या दोरीवर," मी मुद्दाम मोठ्याने म्हणाले. "दुखनं दोगांचं, तर दोरीपन एकच."

नळाखाली शेजारणीचा हंडा भरून वाहायला लागला, तरी ती बघतच राहिली. नवरा टॉवेल सावरत आत आला. मी गोळ्या आणि पाण्याचा तांब्या पुढे केला आणि तो गिळेपर्यंत समोरून हलले नाही. मग माझ्या गोळ्या घेतल्या.

या वेळी दुखणं गेलं ते कायमचं. सासूने गावदेवीला नारळ ठेवला आणि हात जोडले. "सुनेचं दुखनं गेलं गो आई."

"दोगांचं गेलं, असं बोला," मी म्हणाले.

तिने नारळ फोडला. ते शब्द मात्र तिच्या तोंडून शेवटपर्यंत निघाले नाहीत.