भूमचा फसाड

आमच्या धाराशिवच्या ऑफिसात नकाशांपेक्षा किस्से जास्त साठतात. चुकलेला नकाशा रद्दीत तरी टाकता येतो. किस्सा रोज चहाबरोबर नव्यानं निघतो आणि दर वेळी त्यात मी आधीपेक्षा जास्त घाबरलेली असते!

आम्ही हलणारे फसाड बनवतो, म्हणजे इमारतीची बाहेरची बाजू. ऊन चढलं की तिच्या पट्ट्या मिटतात, उतरलं की उघडतात. भूममधल्या मुलींच्या अभ्यासिकेची पश्चिमेची भिंत हे माझं पहिलं स्वतःचं डिझाइन. अभ्यासिकेचे मालक अण्णा पहिल्याच दिवशी म्हणाले, "एप्रिलात दुपारी चारला मी स्वतः येऊन बसणार. उन्हानं बसवंना झालं तर सगळं उपटून पत्रा ठोकणार!"

*

काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी एसटीत ऑफिसच्या सरांशी फोनवर बोलत होते. "हो सर, उद्या भूमला फसाड सुरू! लोखंड पोचलंय, माणसं सकाळीच येतील."

शेजारच्या आजी दचकून सरकल्या. मग हळूच म्हणाल्या, "चांगल्या घरची दिसतीस गं. कशाला फसादात पडतीस?"

*

पहिली ट्रायल. मोटर खर्रकन वाजली, कानाशी पट्टी हलली आणि मी किंचाळून स्टुलावरून खाली! आमचे वेल्डर, बेंबळीचे नामदेवमामा, शांतपणे म्हणाले, "ताई, हे चित्र तुमीच काढलंय न्हवं?"

*

पट्ट्या बसल्या, मस्त चालल्या. आणि खंडेनवमीला दुपारी चारला सताड उघड्या! ऊन थेट वह्यांवर. मी घाबरून प्रोग्राम तीनदा तपासला. काही चूक नाही. शेवटी शिडीवर चढून पाहिलं, तर उजेड ओळखणारा सेन्सर हळदीकुंकवानं पार लिंपलेला. त्याच्या लेखी संध्याकाळ झाली होती!

"मामा, तिथं कशाला लावलंत?"

"मशिनचं डोकं तेच, असं तुमीच म्हणालता. मग गंध कपाळाला न्हाय तर काय पायाला लावू?"

*

तामलवाडीचे एक शेतकरी वर्कशॉपात नमुना बघायला आले. पट्ट्या दहादा उघडून मिटून बघितल्या. "लई भारी. गोठ्याला बसंल का?"

"बसेल की!" सर खूश.

"म्हशीनं चाटलं तर?"

तेव्हापासून आमच्या टेस्टच्या यादीत वारा, पाऊस, धूळ यांच्यानंतर चौथं नाव आहे: म्हैस.

*

एप्रिल उजाडला. बरोब्बर चारला अण्णा आले, टोपी टेबलावर ठेवली आणि पश्चिमेच्या खिडकीलाच खुर्ची लावली. दहा मिनिटांत लाइट गेली. पंखे थांबले. पण पट्ट्यांची मोटर सोलरवर होती. त्या आपल्या सावकाश मिटत गेल्या. मला अण्णांची फक्त पाठ दिसत होती.

अर्धा तास गेला. लाइटीचा पत्ता नाही. मुली वाचतायत, मी दारात ओढणीला पीळ देत उभी. शेवटी धीर करून जवळ गेले. अण्णांची हनुवटी छातीला टेकलेली.

"अण्णा...?"

डोळे न उघडताच ते पुटपुटले, "पोरी, तेवढा पंखा बारीक कर की."