रुखमाबाईंची दस्तखत

नागपूरहून आदिलाबादची बस सुटली तेव्हा माझ्या मांडीवर फिल्मचा डबा होता आणि डोकं थोडं हवेत होतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ज्वारीच्या खळ्यावरच्या आमच्या लघुपटाला महोत्सवात पहिलं बक्षीस मिळालं होतं. परीक्षकांनी शेवटाचं खास कौतुक केलं होतं: धान्याच्या राशीसमोर हात जोडून उभ्या असलेल्या खळ्याच्या मालकीण रुखमाबाई. आता दिल्लीच्या पुरस्काराचे वेध लागले होते. अर्जाला फक्त रुखमाबाईंचं संमतिपत्र हवं होतं, आणि मुदत आठवड्याची उरली होती.

पैनगंगा ओलांडली की दुकानांच्या पाट्या तेलुगू होतात आणि बोलणं मात्र वऱ्हाडीच राहतं, याची मला दर वेळी गंमत वाटते. आदिलाबादला प्रोजेक्टर भाड्याने घेतला. भीमपूरच्या अलीकडे बस बंद पडली, म्हणून पुढे बैलगाडी. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. गाडीवानाने डब्याकडे बघत विचारलं, "पेढे हायेत काय?"

"पेढे वाटायची वेळ यावी म्हणूनच चाललोय," मी म्हणालो.

रुखमाबाईंनी भाकर आणि अंबाडीची भाजी वाढली. कागद पुढे करताच म्हणाल्या, "पयले पिच्चर दाखवा, भाऊ. मंग दस्तखत (सही)."

दुसऱ्या दिवशी सकाळी पंतुलूंनी (इकडे मास्तरांना असं म्हणतात) शाळेच्या खिडक्यांना घोंगड्या लावून दिल्या. गाव दाटीवाटीने बसलं. स्वतःला पडद्यावर पाहून रुखमाबाई पदराआड हसत होत्या. शेवट आला आणि हसू गेलं.

"मी रास पुजल्याबिगर मापून राह्यली? असं काऊन दाखवलं?"

मी समजावलं. पूजा आधीच झाली होती. शेवट उठावदार व्हावा म्हणून आम्ही ती मापणीनंतर जोडली होती.

"तुमचा शेवट होते, अन् बोल माह्या खळ्याले लागते. मी नाई करत दस्तखत."

मला रागच आला. ज्या शेवटाने बक्षीस मिळवून दिलं, तोच कापायचा? शाळेच्या पायरीवर मी बराच वेळ फुरंगटून बसलो. पण बाईंचं खरं होतं. पुजल्याशिवाय इथे कुणी राशीला माप लावत नाही, आणि मी त्यांना तसं करताना चारचौघांत दाखवून आलो होतो. फिल्म जोडायचं सामान पिशवीत होतंच. त्या भागात नुसता वारा ऐकू येत होता, त्यामुळे आवाजाची भानगड नव्हती. पूजेचा तुकडा काढून मापणीच्या आधी डकवला.

दुपारी पुन्हा खेळ झाला. आता शेवटी मापणी. पडद्यावर रुखमाबाईंचे नुसते ओठ हलत होते. पहिली पायली भरली, आणि खोलीतल्या रुखमाबाई मोठ्याने म्हणाल्या, "लाभ." (पहिल्या मापाला इथे 'एक' म्हणत नाहीत.) दुसऱ्या पायलीला सगळं गाव म्हणालं, "दोन." मग तीन, चार. माझा राग कुठल्या कुठे गेला. मीही मोजायला लागलो.

दस्तखत घेऊन परतलो. दिल्लीत काही मिळालं नाही. शेवट फिका पडला, असं कानावर आलं. दोन दिवस वाईट वाटलं. मग रुखमाबाईंना पत्राने कळवलं. पंतुलूंच्या अक्षरात उत्तर आलं: "पिच्चर घेऊन या. गाव पुन्हा पाहू म्हणते."

बक्षीस मिळाल्यापासून आमचा लघुपट दुसऱ्यांदा पाहायचाय असं कुणीच म्हणालं नव्हतं. मी त्याच दिवशी रजेचा अर्ज दिला.