त्या दिवशी सायकलवर कोण होतं?

तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. भुताखेतांचे अनुभव सांगणाऱ्यांची मी कायम टर उडवली. आज तुम्ही माझी उडवा, माझी हरकत नाही.

चौऱ्याऐंशी साली पंतप्रधानांना गोळ्या घातल्या, तो दिवस. मी नवी नवरी, उस्मानपुऱ्यात भाड्यानं राहत होते. लोकर आणायला छावणीत गेले होते. बातमी आली आणि धडाधड शटर पडली. रिक्षा नाही, बस नाही… रडकुंडीला आले. तेवढ्यात दादा, माझा थोरला भाऊ, सायकल घेऊन समोर. "बस मागं, सुमे."

वडील त्याच वर्षी गेलेले, शेती माहेरी बिडकीनला. आमच्याकडं बहिणी जमिनीवरचा हक्क लिहून देतात, नाहीतर माहेर तुटतं. माझी सही व्हायची होती. खाम नदीच्या पुलावर दादा म्हणाला, "सही नुसती कागदावर. बिडकीनचं विहिरीजवळचं वावर तुझंच. शब्द हाय माझा."

दारात शेजारच्या मुसलमान मावशीनं, खालानं, त्याला पाणी दिलं. तो पाणी प्यायला आणि गेला.

पंधरा दिवसांनी तो कागद घेऊन आला. मी सही केली. वावराचा विषय काढलाच नाही. सख्ख्या भावानं दिलेला शब्द… पुन्हा वदवून घेणं म्हणजे अविश्वासच की! त्यानंही वावराचं नाव काढलं नाही. इतका वेडेपणा फक्त बहीणच करू जाणे.

पुढं बऱ्याच वर्षांनी बिडकीनला कारखान्यांसाठी जमिनी गेल्या. ते वावरही गेलं, मोबदला दादाला मिळाला. मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. तडक दादाकडं गेले, पुलावरच्या शब्दाची आठवण दिली.

"कसला शब्द?" दादा म्हणाला. "त्या दिवशी मी हैदराबादेत व्हतो. मोसंबीचा ट्रक घेऊन गेल्तो, तिथंच अडकलो."

"खोटं! तो दिवस कुणी विसरतं का?"

"मी बी नाय इसरलो."

वहिनी आत गेली आणि ट्रंकेतून जुनं आंतरदेशीय पत्र घेऊन आली. 'इथं समदं बंद हाय, काळजी करू नको.' अक्षर दादाचंच. शिक्का हैदराबादचा, तारीख तीच. 

शहरात परतले ती थेट उस्मानपुऱ्यात खालाकडं. म्हातारी आता थकली होती, पण डोकं शाबूत. तिनं मलाच झापलं, "मैं खुद पानी दी ना उसको! तेरा भाईच था वो."

आता बोला. पत्र खरं, खालाही खरी. मला घरी सोडणारा, शब्द देणारा तो कोण होता, हे आजतागायत मला कळलेलं नाही.

पण खरं सांगू? मला त्याची भीती नाही वाटत. मला राग येतो तो पत्र वाचून झाल्यावर दादा जे बोलला त्याचा. "मंग? सुटलो ना मी?" असं म्हणून हसला तो! 'शब्द मी दिला नसेल सुमे, पण वावर तुझं होतं…' एवढं म्हणाला असता तरी मी सगळं सोडलं असतं. तेवढंही म्हणाला नाही.

यंदा भाऊबीजेला ताट केलं, निरांजन लावलं. दादा पाटावर बसला होता. मी नुसतीच उभी राहिले… ओवाळू कुणाला?