मागून येणारे

लग्न न करता बत्तीस वर्षं नेटका संसार केलेली बाई जव्हार-मोखाड्यात एकच, आणि ती म्हणजे आमच्या उपकेंद्रात माझ्या आधी असलेल्या नर्सबाई. कातकऱ्यांची पोर नर्स होते यावर कुणाचा विश्वास न बसण्याचा तो काळ. हजर व्हायला गेल्या तेव्हा कारकुनाने कागद घेण्याआधी त्यांच्या हातात केरसुणी दिली. बाईंनी अर्धी खोली झाडली, केरसुणी त्याच्या टेबलावर ठेवली आणि उरलेली अर्धी तुमची, असं शांतपणे सांगितलं. तो म्हणे महिनाभर उरलेल्या अर्ध्यात पाय वर घेऊन बसायचा.

खरा त्रास रस्त्यावर होता. वांगणीकडचे पाडे पायी करायचे, आणि एकटी बाई दिसली की भेटेल तो विचारणार, "येकलीच का, बाय?" काहींच्या विचारण्यात काळजी असे, काहींच्या नसे. पहिल्याच आठवड्यात बाईंना उत्तर सापडलं, "मागून येतायत ना आमचे." खोटं बोलावं पण रेटून बोलावं, या न्यायाने त्या वळणावर थांबून, मागे न बघता, "उचला पाय जरा" असं दटावायच्यासुद्धा. नवऱ्याचं नाव बाईने घ्यायचं नसतं, म्हणून नाव कुणी विचारलं नाही, आणि नावच नाही म्हटल्यावर जात कळणार कुठून! ज्या घरी बाईंच्या ओंजळीत वरून पाणी ओतत, त्याच घरी 'त्यांच्या'साठी ओट्यावर भरला तांब्या ठेवत. न जाणो, कोण निघायचा. तो तांब्याही बाईच गुपचूप रिकामा करत. पुढेपुढे मात्र त्या हात लावायच्या आधीच तो रिकामा असे.

मग एकदा वांगणीच्या एका म्हातारीने विचारलं, "तुजा दादला पाय वडीत का चालतो गं?" बाईंनी पायाबद्दल कुणाला काही सांगितलं नव्हतं. पलीकडच्या पाड्यावरही तेच, आणि तोच उजवा पाय. दुसरी कुणी असती तर नोकरी सोडून घरी बसली असती. बाईंनी पिशवीत दुखण्यावरचं मलम ठेवायला सुरुवात केली.

निवृत्त होऊन त्या जव्हारला एका खोलीत राहतात. मी गेले की दाराकडे पाठ करून बसतात आणि चहाचे तीन कप भरतात. तिसरा उंबऱ्याशी निवत राहतो. मी खूप हसायचे. एवढ्या वर्षांत कधी वळून का पाहिलं नाही, असं एकदा विचारलं. "भीती वाटायची," म्हणाल्या.

"कुणी असेल म्हणून?"

"नसेल म्हणून."

आता माझ्याकडे मोबाईल आहे, स्कूटी आहे. पण रस्ता संपतो तिथे स्कूटीही थांबते, आणि तो प्रश्न तिथेच उभा असतो. गेल्या पावसाळ्यात दोघेजण तीन दिवस ओळीने माझ्या मागे मागे आले. मी घाबरले. बदलीचा अर्ज लिहिला आणि बाईंना दाखवायला नेला. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि दाराकडे पाठ ठेवूनच म्हणाल्या, "उद्यापासून हिच्यासोबत जात जा." मी हसायला गेले, पण हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी धुकं होतं. ते दोघे मोरीवर बसले होते. "येकलीच का, सिस्टर?" माझी जीभ आपोआप वळली, "मागून येतायत." दोघांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि उठून उभे राहिले. वाट सोडता सोडता थोरला अदबीने म्हणाला, "दादा, पायाला काय झाला?"

मी वळून पाहिलं नाही. पाड्यापर्यंत मागे खडी वाजत होती, एक पाऊल नीट आणि एक ओढलेलं. आश्चर्य म्हणजे मला भीती वाटली नाही.

रविवारी बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, "फार दुखत होता का गं?" मग मलमाची डबी काढून माझ्या पर्समध्ये टाकली आणि चहा ओतला. दोनच कप. मला फार वाईट वाटलं, पण परत घ्या त्यांना, असंही म्हणवेना. बाईंनी कप हातात घेतला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मान वळवून, सावकाश, उघड्या दाराकडे पाहिलं.