पाण्यातला पत्ता

नकाशावर निळा ठिपका दिसला की अजून मला ओल्या गाळाचा वास येतो. तेव्हा मी देवासच्या एका कंपनीत माहिती-सुरक्षेची प्रमुख होते. खोटे ग्राहक हुडकणं माझं काम. निसरपूरकडच्या एका म्हाताऱ्याची नोंद अडकली होती. पत्ता पडताळण्यासाठी त्याने घरूनच मोबाइलवर बटण दाबायचं होतं, आणि त्याचा ठिपका सलग तीन दुपारी उमटला तो धरणाच्या भर पाण्यात, एकाच जागी. खातं कायमचं बंद करायच्या आधी मी चिडूनच फोन लावला. पलीकडे पाणी चुबुक-चुबुक वाजत होतं. म्हातारा निमाडी ढंगाच्या हिंदीत म्हणाला, "मैडम, लिखा था, घर पे खड़े होके दबाना. नाव में खड़ा हूँ. घर नीचे ज है." मी काही विचारणार, तोच तो कुजबुजला, "धीरे बोलना, नीचे सब सोए हैं." फोन ठेवला तरी ते पाणी माझ्या केबिनमध्ये वाजत राहिलं. शेऱ्यात मी लिहिलं, 'ग्राहक घरीच आहे.' आता त्याच कंपनीतली सगळी खासगी माहिती माझ्या अखत्यारीत आहे. जुन्या नोंदी पुसायच्या यादीत दरवर्षी ती नोंद येते, आणि दरवर्षी मी ती न पुसता, आवाज न करता तिच्यावरून पुढे जाते.