राजकन्यानं न केलेली सही

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, परिपाठ चालू असताना, सृष्टीला शाळेत पहिल्यांदा झटका आला.

तिची आई राजकन्या तेव्हा शाळेच्याच मागच्या खोलीत होती. पोरांच्या खिचडीचं काम तिच्याकडे होतं. सूप मांडीवर घेऊन ती तांदळातले खडे काढत होती. प्रतिज्ञेचा आवाज मधेच तुटला आणि गलका उठला, तेव्हा तिला कुणी येऊन सांगायची गरज पडली नाही. सूप तिथंच टाकून ती पळाली. मैदानात रांगा मोडल्या होत्या आणि मधे मातीत नऊ वर्षांची सृष्टी पडली होती, ताठ झालेली, डोळे वर गेलेले. कुणी कांदा फोडून आणला होता, एकानं पायातली चप्पल काढून तिच्या नाकाशी धरली होती. राजकन्यानं चप्पल बाजूला केली, पोरीला कुशीवर वळवलं, डोक्याखाली पदराचा बोळा धरला आणि गप बसून राहिली. थोड्या वेळानं अंग सैल पडलं, पोरीला झोप लागली. पण तेवढ्यात शाळेतल्या सेहेचाळीस पोरांनी सगळं पाहिलं होतं, आणि संध्याकाळपर्यंत ते घराघरात पोचलं.

गाव मुखेडहून अकरा किलोमीटरवर. चौथीपर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा, शिक्षक दोन.

सृष्टी जन्मली तेव्हा रडली नव्हती. मुखेडहून तिला तसंच नांदेडला नेलं, तिथं अकरा दिवस ती काचेच्या पेटीत होती. वाचली, पण डावं अंग अधू राहिलं, जीभ जड राहिली आणि पुढं झटके सुरू झाले. लातूरच्या डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनी ते पुष्कळ कमी झाले होते. गाव तिला येडी समजायचं. खरं तर तिला बोलायला वेळ लागायचा एवढंच. समोरचं माणूस थांबलं तर ती बोलायची. बापाच्या मोबाईलमधले नंबर तिला पाठ होते. राजकन्या निलंग्याकडची, दहावी झालेली. पोरीला शाळेत घातलं त्या वर्षी तिनं खिचडीचं काम मागून घेतलं ते याचसाठी, की हाक आली तर कानावर पडावी.

शुक्रवारी दुपारी हेडमास्तर बिरादार सरांनी तिला ऑफिसात बोलावलं. सरांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. टेबलावर एक छापील कागद होता.

"बसा ताई. हे वाचा आन् खाली सही करा. सृष्टीचं नाव शाळेतच राहतंय, फकत ती घरी शिकंल. तालुक्याचे विशेष शिक्षक घरी येतील."

"किती येळा येतील?"

"महिन्यातून एकदा-दोनदा. त्यांच्याकडं बी दोन तालुके हायत."

"मंग बाकीचे दिवस?"

सरांनी कागद तिच्याकडे सरकवला. राजकन्यानं कागद वाचला. 'माझी पाल्य तीव्र अपंगत्वामुळे शाळेत येऊ शकत नसल्याने मी स्वखुशीने…' इथं ती थांबली.

"सर, येऊ शकत न्हाई असं लिव्हलंय. ती तर रोज येऊन राहिली."

"मंगळवारी काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. चार पालक येऊन गेले, आमची पोरं भेली म्हणतात. उद्या तिच्या डोक्याला लागलं तर जिम्मेदार कोण? मागच्या शाळेत एक पोरगं सुट्टीत हौदात पडलं होतं. वाचलं ते. पण माझी चौकशी तीन वर्षं चालली. आता मला झेपत न्हाई ताई."

बोलताना ते टेबलावरचा पेपरवेट सतत फिरवत होते. माणूस आतून घाबरलाय, हे राजकन्याला दिसलं. पण त्यामुळे तिला धीर आला नाही. दुष्ट माणसाशी तिला भांडता आलं असतं.

"इचार करून सांगते," ती म्हणाली.

"सोमवारी सांगा. तोवर तिला आणू नका. आन् हे बघा," सरांनी आवाज हळू केला, "खिचडीच्या कामाचा ठराव जूनमधी समितीपुढं येतो. तुमचं नाव दर साली मीच पुढं करतो. तेबी ध्यानात असू द्या."

संध्याकाळी नवरा रानातून आला. सुदर्शन स्वभावानं मऊ. गावात कुणाशी वाकडं येऊ नये असं त्याला वाटायचं. त्यानं कागद दोनदा वाचला.

"सही करून टाक. किती जणाशी भांडायचं? पोरगी घरी राहील, डोळ्यासमोर राहील."

"कुणाच्या डोळ्यासमोर? तुमी रानात, मी शाळंत."

सृष्टी दप्तर मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली होती. तिचे ओठ हलायला लागले, म्हणून दोघं थांबले.

"मी… काय… केलं?" तिनं विचारलं.

सुदर्शन उठून बैलांकडे गेला. राजकन्यानं कागदाची घडी घातली आणि कपाटात डाळीच्या डब्याखाली ठेवली.

सोमवारी तिनं सही केली नाही, आणि सरांनी पोरीला आत घेतलं नाही. शब्द वाढले नाहीत, तसंच चालू राहिलं. रोज सकाळी राजकन्या घराला बाहेरून कडी लावायची, आत सृष्टीपुढे पाण्याचा तांब्या आणि पाटी ठेवायची, आणि दुसऱ्यांच्या सेहेचाळीस पोरांना खिचडी रांधायला जायची. पातेल्यात पळी फिरवताना वर्गातून पाढे ऐकू यायचे. तिचा जीव घराच्या कडीला टांगलेला असायचा.

एक दिवस रजा टाकून ती सृष्टीला घेऊन लातूरला गेली. डॉक्टरीणबाईंनी गोळीचा डोस वाढवला आणि सगळं ऐकून कागद पुढं ओढला.

"मराठीत लिवा बाई," राजकन्या म्हणाली. "इंग्रजी आमच्याकडं कोण वाचंल?"

बाईंनी नाकात मारायच्या औषधाचा एक फवारा दिला आणि ठळक अक्षरात लिहून दिलं. मुलगी शाळेत जाऊ शकते. झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेला तर नाकात हा फवारा मारा आणि दवाखान्यात आणा. मग बाई म्हणाल्या, "शाळेला हिला नाही म्हणता येत नाही, तसा कायदा आहे. म्हणतच असतील तर त्यांना म्हणा, लेखी द्या."

त्या पत्राच्या झेरॉक्स घेऊन ती मुखेडला पंचायत समितीच्या शिक्षण विभागात गेली. साहेब नांदेडला मीटिंगला गेले होते. दुसऱ्या खेपेला साहेब दौऱ्यावर होते. तिसऱ्या खेपेला कारकून म्हणाला, हेडमास्तरांचं पत्र आणा. ती उठली नाही. "माझा अर्ज घ्या आन् पोच द्या, शिक्का मारून," एवढं एकच ती बोलत राहिली. जेवायची वेळ झाली, लोक डबे उघडायला लागले, ती तिथंच बाकड्यावर. शेवटी कारकुनानं शिक्का मारला.

चार दिवसांनी दुपारी सुदर्शन विहिरीवरच्या मोटारीचा पाना न्यायला अवेळी घरी आला. कडी काढली तर सृष्टी जात्यापाशी पडलेली, कपाळ फुटलेलं, रक्त वाळायला लागलेलं. झटका कधी आला, किती वेळ होता, ती किती वेळ तशी पडून होती, हे सांगायला कुणीच नव्हतं. त्यानं तिला खांद्यावर टाकलं आणि शाळेच्या मागच्या दारी आणून उभा राहिला. राजकन्याच्या हातातली पळी तशीच राहिली. सहा टाके पडले. दवाखान्यातून येताना तो एवढंच म्हणाला, "समितीची बैठक कवा हाय? मीबी येतो."

बैठक मार्चमध्ये झाली. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष दगडोबा, सत्तरीचे, कमी बोलणारे. वर्गातच सतरंजीवर दहा-बारा पालक बसले. बिरादार सर खुर्चीवर, पुढच्या टेबलावर त्यांचा पेपरवेट. दुसऱ्या शिक्षिका पुनम मॅडम, नोकरीला दोन वर्षं झालेल्या, भिंतीला टेकून उभ्या.

सुदर्शनला बोलायची सवय नव्हती. तो उभा राहिला. "डोक्याला लागंल म्हणून तिला घरी बसवलं. घरीच लागलं. हितं आई पंधरा पावलावर होती. तितं कुणीच नव्हतं." मग तो खाली बसला.

"पण आमच्या लेकरायनं रोज हे बघायचं का?" एक बाई म्हणाली. "माझी पोरगी झोपंत दचकायली."

"आन् लागण झाली तर?" मागून कुणीतरी विचारलं.

राजकन्यानं डॉक्टरांचं पत्र मोठ्यानं वाचलं. लोक ऐकत होते, पण चेहरे हलत नव्हते. वाचून झाल्यावर ती भिंतीवरच्या घड्याळाकडे वळली.

"तिचा झटका दोन मिनिटं चालतो. आपण सगळे दोन मिनिटं गप बसू. मंग काय म्हणायचं ते म्हणा."

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. दगडोबांनी मान हलवली.

वर्गात शांतता पसरली. सेकंदकाटा पुढं सरकायला लागला. कुणी खोकलं. अर्धं मिनिट झाल्यावर एकानं बसल्या जागी पाय बदलला. एक मिनिट. बाहेर कुणाचीतरी मोटरसायकल गेली. हे फसलं तर आपल्याकडे दुसरं काही नाही, हे राजकन्याला ठाऊक होतं. दीड मिनिटाला बिरादार सरांनी पेपरवेटवरचा हात काढून मांडीवर ठेवला. वेळ संपता संपत नव्हता.

"झाली," ती म्हणाली. "एवढंच. एवढा येळ तिच्याजवळ कुणीतरी बसायचं. मी दुसरं काय मागून राहिले?"

मग पुनम मॅडमचा आवाज आला. "मला शिकवा. मी बसेन. पण मला भीती वाटते, हे आधीच सांगते."

"काही झालं तर लेखी जिम्मेदारी लागंल," सर म्हणाले.

"मी देते," राजकन्या म्हणाली. "तुमीबी द्या सर, पोरीला घेणार न्हाई म्हणून. दोन्ही कागद सोबतच मुखेडला धाडू."

सरांनी पुन्हा कागद मागितला नाही. तिच्या अर्जावरून पंचायत समितीतून सरांना फोन येऊन गेला होता, हे तिला पुष्कळ उशिरा कळलं. दगडोबा गुडघ्यावर हात टेकून उठले. "येऊ द्या पोरीला," ते म्हणाले. "परीक्षेपर्यंत बघू."

दुसऱ्या दिवसापासून सृष्टी वर्गात बसायला लागली. मॅडमनी फवारा टेबलाच्या खणात ठेवला आणि तो कसा धरायचा ते राजकन्याकडून तीनदा शिकून घेतलं. दोन पोरांच्या आयांनी लेकरांना सृष्टीपासून लांब बसवायला सांगितलं. मॅडमनी बसवलं.

जूनमध्ये खिचडीचं काम दुसऱ्या बाईला मिळालं. कारण कुणी सांगितलं नाही, राजकन्यानं विचारलंही नाही. ती खुरपणीला जायला लागली. शाळा आता हाकेच्या टप्प्यात नव्हती. मोबाईल ती कमरेला खोचून ठेवायची.

ऑगस्टमध्ये, सोयाबीन गुडघाभर असताना, तो वाजला. शाळेचा नंबर. ती खुरपं टाकून पळत सुटली. मॅडम काय बोलल्या ते तिला धड ऐकूही आलं नव्हतं. चिखलात चप्पल रुतून राहिली, ती तशीच अनवाणी ओढा उतरली. मनात एकच हिशेब चालला होता, किती मिनिटं झाली असतील.

वर्गाच्या दारात ती थांबली. सृष्टी सतरंजीवर कुशीला झोपली होती, डोक्याखाली कुणाचंतरी दप्तर होतं. पोरं भिंतीकडेनं बसून काहीतरी लिहीत होती, हळू बोलत होती. बिरादार सर सृष्टीजवळ जमिनीवर मांडी घालून बसले होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"दोन मिनिटं दहा सेकंद," पुनम मॅडम म्हणाल्या. "फवारा लागला नाही."

राजकन्या दारातच खाली बसली. तिला रडू आलं, आणि ते तिनं थांबवलं नाही. सरांनी एका पोरीला तिच्यासाठी पाणी आणायला सांगितलं.

त्या दिवसानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. विशेष शिक्षक गेल्या वर्षात चारदा आले. एका घरानं पोरगा शाळेतून काढून मुखेडला घातला. सृष्टी आता चौथीत आहे. वाचते, तिच्या चालीनं, आणि वर्ग थांबतो. खिचडीचं काम राजकन्याला परत मिळालं नाही. पाचवीची शाळा तीन किलोमीटरवर, पुलापलीकडच्या गावात आहे. तिथल्या हेडमास्तरीणबाईंना राजकन्या आताच भेटून आली. बाई म्हणाल्या, आमच्याकडं अशा मुलीची सोय नाही. राजकन्यानं पिशवीतून डॉक्टरांच्या पत्राची झेरॉक्स काढून त्यांच्या टेबलावर ठेवली आणि पोच मागितली.